अर्ध्या सिनेमाचा धोटा

ओळखलंत का मला? हल्ली कुणी ओळखत नाही. लहान मुलं हातात घेऊन विचारतात, ही एवढीशी होडी कशाची? मी होडी नाही. मी धोटा. हातमागाच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणं हा माझा धंदा. माझ्या दोन्ही टोकांना लोखंडी नाकं आहेत आणि पोट पोकळ आहे. त्या पोटात धाग्याची कांडी बसायची. आता तिथे कांडी नाही. तरीही माझ्या पोटातून जेवढ्या गोष्टी बाहेर आल्या, तेवढ्या दुसऱ्या कुठल्या धोट्यातून आल्या नसतील.

पवनीच्या एका सुताराने मला तेंदूच्या लाकडातून घडवलं. घ्यायला आलेल्या लक्ष्मणरावांनी मला आपल्या गालावरून फिरवून पाहिलं. एका जागी खरखर लागली तसं मला परत सुताराच्या हातात ठेवलं. "गालाले लागते तर रेशमाले लागणार नाही का?" एवढंच म्हणाले. सुताराने पुन्हा घासलं. असा मी त्यांच्या घरी गेलो.

लक्ष्मणराव करवती काठाच्या साड्या विणायचे. त्या साडीला तीन धोटे लागतात, एक मधल्या अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. काठाचा धागा मधल्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच माघारी फिरतो. त्या अडकण्यातूनच करवतीच्या दातांसारखी नक्षी उठते. मी उजव्या काठाचा धोटा. मला फेकायला शेजारी कुणीतरी लागायचं, म्हणून थोरला मुलगा अनुप बापाजवळ बसायचा. फेकताना तो तोंडाने आवाज काढायचा. कधी एसटीचा, कधी बैलाचा. लक्ष्मणराव न बघता म्हणायचे, "बैल हळू चालव, काठ वाकडा जाऊन राहिला."

गोंदियाचा जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी आमच्या घरातला माग थांबला. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण लक्ष्मणरावांच्या डोक्यात ते एकत्रच राहिलं. ते एका कापडाच्या दुकानात बसू लागले. मागाची लाकडं माळ्यावर गेली आणि मी कोनाड्यात. वाती, आगपेटी आणि एक फुटका आरसा, एवढाच माझा शेजार. माझ्या पोटात कोळ्याने घर केलं. अशी बरीच वर्षं गेली.

अनुप मोठा झाला आणि वायरिंगचं काम शिकला. जवाहरनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पंखे दुरुस्त करायला जायचा. तिथल्या एका बाबूची बदली झाली, तेव्हा त्यांच्या घरचा जुना टीव्ही आणि सीडी प्लेअर घेऊन तो घरी आला. प्लेअरचं तोंड उघडलं तर आत एक सीडी अडकलेली. तिच्यावर नाव नव्हतं, फक्त एकचा आकडा होता. म्हणजे दोन सीडींचा सिनेमा, आणि दुसरी सीडी बाबूबरोबर कुठल्या तरी गावाला गेली होती.

त्या दिवशी तान्हा पोळा होता, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. लहान मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरत होती. घरच्या सगळ्यांनी टीव्हीपुढे चटई टाकली. लक्ष्मणराव, त्यांची बायको शोभाताई, अनुप, धाकटा अश्विन आणि सगळ्यांत लहान रुचिका.

सिनेमा चिनी निघाला. पडद्यावर दोन तरुण होते, एकाच्या कमरेला लाल पट्टा, दुसरा काडीसारखा बारीक. एक लांब मिशीवाला माणूस त्यांच्या मागे लागलेला. एक म्हातारी हातात पळी घेऊन येईल त्याला बडवत होती. आणि एक भलंमोठं पांढरं बदक. सगळे जण टोपल्यांनी, बाकांनी, वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांनी मारामाऱ्या करत होते. पण भाषा कुणाला कळेल तर शपथ.

"काय म्हणून राहिला तो?" शोभाताईंनी विचारलं.

"मले काय मालूम," लक्ष्मणराव म्हणाले. "भांडून राहिले कशावरून तरी."

अनुप उठला. त्याने मला कोनाड्यातून काढलं, फुंकर मारून कोळ्याला घराबाहेर केलं, माझं एक नाक टीव्हीच्या काचेला लावलं आणि दुसरं आपल्या कानाला. थोडा वेळ मान हलवली. मग अगदी गंभीर तोंडाने म्हणाला, "तो म्हणते, थांब, मी जेवून येतो, मंग मारतो. उपाशी पोटी मारलं का हात भरून येते."

शोभाताई हसल्या. त्यांचं हसणं साधं नव्हतं. आधी पदर तोंडाला जायचा, मग खांदे हलायचे, मग खोकला यायचा, आणि शेवटी शेजारी जो कुणी बसला असेल त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. त्या दिवशी तो अश्विनच्या पाठीत बसला. "मले काहून?" अश्विन म्हणाला, तर अजून एक बसला.

अनुपने टीव्हीचा आवाज बंद केला आणि मला तोंडापुढे धरून सगळा सिनेमा आपल्या बोलीत सांगायला घेतला. लाल पट्टेवाला झाला दादा, बारीक झाला त्याचा लहान भाऊ गोमाजी, दोघंही पवनीचे कोष्टी. पळीवाली म्हातारी त्यांची आई कुंताबाई. मिशीवाल्याला यांचं बदक पळवायचं होतं, कारण ते कोहळ्याएवढी अंडी द्यायचं. घरच्यांना हे सगळं पटलं. मलाही पटलं.

मग पडद्यावर एक लाकडी पूल आला. खाली पुराचं पाणी. मारामारीत दादाचा पाय निसटला, तो पाण्यात पडला, आणि सीडी संपली. पडदा निळा झाला.

"आता?" रुचिका रडवेली झाली.

"आता पुढचं मी सांगतो," अनुप म्हणाला, आणि निळ्या पडद्यापुढे उभा राहिला.

तेव्हापासून दर तान्ह्या पोळ्याला हेच. अर्धा सिनेमा सीडीतून, अर्धा अनुपच्या तोंडून. लक्ष्मणराव मिशीवाले व्हायचे. रुचिका बदक. अश्विन लहान भाऊ, त्याचं काम मार खाऊन गोधड्यांच्या ढिगावर पडायचं. तो असा पडायचा की शेजारच्या घरातली भांडी वाजायची. त्याला एक शब्दही बोलावा लागायचा नाही. बोलणं दादाचं, पडणं त्याचं.

शेवट दर वर्षी वेगळा असायचा. पण एक गोष्ट ठरलेली. पाण्यात पडलेला दादा वैनगंगेतून वर यायचाच. एका वर्षी म्हशीवर बसून आला. एका वर्षी झिंग्यांनी त्याला चार दिवस ठेवून घेतलं, जेवू घातलं, आणि निरोप देताना दोन झिंगे एकमेकांच्या मिशीला धरून रडले. तोपर्यंत शोभाताईंचा खोकला सुरू झालेला असायचा आणि कुणाच्या तरी पाठीवर धपाटे पडत असायचे. धागा वाहून नेताना मला कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. या कामात मला रोजचा मान नव्हता, पण वर्षातून एकदा मी त्या घरातली सगळ्यांत मोठी वस्तू असायचो.

मग एका वर्षी होळीच्या तोंडावर लाखनीजवळ हायवेवर एका ट्रकने अनुपची मोटारसायकल उडवली.

मी कोनाड्यात होतो. आधी बायकांचा आवाज आला, मग माणसांचे पाय दिसले, मग घरभर पाय झाले. याहून जास्त मला सांगता येत नाही.

त्याचे कपडे नदीवर नेले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्याच्या हातची वस्तू असेल तर तीही सोडा. अश्विनने कुणाला न विचारता मला उचललं आणि कमरेला खोचलं. वरून सदरा ओढला. माझी नाकं त्याच्या पोटात टोचत होती. त्याने मला जरासुद्धा सरकवलं नाही.

अश्विनने शाळा सातवीतच सोडली होती. तो राईस मिलमध्ये पोती उचलायचा. अनुप गेल्यावर तो विस्तवासारखा झाला. मिलमध्ये एकाने सहज विचारलं, "तुझा भाऊ वेगात होता का बे?" अश्विनने त्याला कोंड्याच्या ढिगात लोळवला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, काहीही न केलेल्या एका ट्रकच्या टायरला लाथ मारून त्याने अंगठ्याचं नख घालवलं. मग तिथेच बसून राहिला. ट्रकवाल्याने त्याला पाणी दिलं, तेव्हा मात्र तो रडला.

आणि शोभाताई? त्या स्वयंपाक करायच्या, पाणी भरायच्या, विचारलं तर बोलायच्याही. पण पदर तोंडाला गेला नाही, खांदे हलले नाहीत. अश्विन मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायचा, पाठ त्यांच्याकडे करून. काहीतरी गमतीचं सांगायला जायचा आणि वाक्य अर्ध्यात तुटायचं. त्याची पाठ कोरडीच राहायची. एवढंच हवं होतं त्याला. आईचा एक धपाटा.

एकदा संध्याकाळी तो मला घेऊन नदीच्या घाटावर गेला. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मला तोंडापुढे धरलं. "मंग दादा," तो म्हणाला, आणि पुढे काही येईना. त्याच्या तोंडाला सवय होती ती फक्त मार खाल्ल्याच्या आवाजांची. तो नुसता "आय, ऊय" करत राहिला. धुणं घेऊन चाललेली एक बाई थांबून म्हणाली, "दात दुखून राहिला का रे?"

पोळा आला. आमच्याकडे मरणाच्या घरात तळण करत नाहीत, कढई चुलीवर चढत नाही. पहिल्या सणाला कुणीतरी जवळचं माणूस येतं, नवे कपडे आणतं आणि आपल्या हाताने कढई चढवतं. तेव्हा घर पुन्हा सणाला लागतं. हे काम लक्ष्मणरावांच्या मोठ्या बहिणीचं, देवकाबाईंचं. त्या मोहाडीहून आल्या, बॅग खाली ठेवायच्या आधी चूल पाहिली आणि म्हणाल्या, "शोभा, राख किती साठवली वो. उठ, मी बसतो इथं."

त्या रात्री जेवताना रुचिकाने हळूच विचारलं, "आई, उद्या सिनेमा?"

शोभाताईंनी पोळी मोडली. "अर्ध्याचं काय करतं पाहून? पुढचं सांगणारा गेला."

अश्विनने ते ऐकलं. सकाळी तो मिलमध्ये गेला, दोन पोती उचलली, तिसरं तसंच खाली ठेवलं आणि अंगावर कोंडा घेऊन सरळ भंडाऱ्याच्या एसटीत बसला. मी कमरेला होतोच. त्याच्या डोक्यात आलं होतं, दुसरी सीडीच मिळाली तर सांगायला कुणी लागणारच नाही.

भंडाऱ्याला सीडीचं एक लहानसं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "नाव सांग सिनेमाचं."

"नाव नाही मालूम."

"हिरो कोण हाय?"

"गोमाजी."

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. "चिनी सिनेमात गोमाजी?"

"एक बदक हाय त्यात. अन् एक म्हातारी पळीनं मारते. असं." अश्विनने मला कमरेतून काढलं आणि पळीसारखं फिरवलं. मग बाक कसा फेकला ते दाखवायला दुकानाचं स्टूल उचललं. मग गोमाजी कसा पडतो ते दाखवायला स्वतः दुकानाच्या फरशीवर पडला. पाठीवर, धाडकन. बाहेर माणसं जमली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अजून एक डाव पड बरं, माझा नातू दिसला नाही." अश्विन पुन्हा पडला. दुकानदार हसून हसून मागच्या खोक्यात हात घालत म्हणाला, "थांब बा, फरशी फुटन माझी. हे पाहा. हिंदीत हाय, दोन्ही सीड्या हाय."

परतीच्या एसटीत अश्विनने सीड्या छातीशी धरल्या होत्या. सगळ्या रस्त्याने तो माझ्यावर अंगठा घासत होता. मला कळत होतं, त्याला वाटतंय आपण सुटलो.

घरी आला तेव्हा कढईतून वडे निघत होते. देवकाबाईंनी त्याच्या अंगावर नवा पांढरा सदरा चढवला. मग त्याने टीव्हीवरची चादर ओढून काढली.

"अरे पोरा," देवकाबाई म्हणाल्या, "कढईचं येगळं, टीव्हीचं येगळं. वरीस नाही झालं."

"कढई तुमीच चढवली ना, आत्या?"

"मंग?"

"मंग घर सणाले लागलं."

देवकाबाईंनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी चटई पसरली, एवढंच. पण पसरली.

सिनेमा सुरू झाला. या वेळी आवाजासकट. सगळे स्वच्छ हिंदीत बोलत होते आणि प्रत्येक वाक्य कळत होतं. कळत होतं तसतशी घरच्यांची तोंडं उतरत गेली. ते दोघं भाऊ नव्हतेच. लाल पट्टेवाला सराईचा नोकर आणि बारीक तिथे उतरलेला प्रवासी. पळीवाली म्हातारी कुणाचीच आई नव्हती, स्वयंपाकीण होती. बदक तर कुणाच्या लग्नातलं जेवण होतं.

"गोमाजी दादाले 'ए नौकर' काहून म्हणते?" रुचिकाने विचारलं.

पूल आला. दादा पाण्यात पडला. अश्विनने घाईघाईने दुसरी सीडी घातली. इतकी वर्षं निळ्या पडद्यामागे राहिलेलं सगळं आता दिसणार होतं. आणि दिसलं. लाल पट्टेवाला पाण्यातून वर आला, दात दाखवून हसला आणि मिशीवाल्याला जाऊन मिळाला. सराईतली चोरी त्यानेच केली होती. पाण्यात पडणं हे नाटक होतं. पुढे शिपायांनी त्याचे हात बांधले आणि लोक त्याच्यावर भाज्या फेकू लागले.

"बंद कर ते."

शोभाताई उभ्या राहिल्या होत्या. त्या आवाजात बोललेलं मी होळीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

"अवो, सिनेमा हाय तो," देवकाबाई म्हणाल्या.

"आमचा सिनेमा हा नाही, बाई. चोर म्हणते त्याले. पाण्यात पडला तवापासून पोट्टा घरी येयाले पाहून राहिला, अन् हे त्याले चोर म्हणते. कोणं बनवला हा? काही मालूम नाही त्याले." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "खोटा हाय हा. साफ खोटा."

लक्ष्मणराव उठले. त्यांनी नवी सीडी काढली आणि जुनी, ओरखडे पडलेली, एकचा आकडा असलेली सीडी आत सरकवली. टीव्हीचा आवाज अगदी बंद केला. आणि मिशीवाला बसायचा त्या कोपऱ्यात जाऊन बसले.

मुका सिनेमा चालू राहिला. बदक आलं तेव्हा रुचिकाने बारीक आवाजात "क्वॅक" केलं. लाकडी बाक उडाला तेव्हा अश्विन बसल्या जागी थोडा मागे पडला. सवयच ती. मग पूल आला, पाणी आलं, आणि पडदा निळा झाला. सगळ्यांची तोंडं निळी दिसू लागली.

शोभाताईंनी अश्विनच्या कमरेला हात घातला. मी तिथे आहे हे त्यांना केव्हापासून माहीत होतं कोण जाणे. त्यांनी मला काढलं आणि लहान मुलापुढे घास धरावा तसं त्याच्या तोंडापुढे धरलं.

"बोल. दादाचं पुढं काय झालं ते तू सांग."

अश्विनने मला हातात घेतलं. त्याचा तळवा ओला झाला होता.

"दादा पाण्यात पडला," तो म्हणाला.

"ते दिसलं. मंग?"

"मंग गोमाजी पुलावर उभा राहिला. लय येळ. दादा वर येईन म्हणून."

"आला?" रुचिकाने विचारलं.

माझ्यावरची त्याची पकड इतकी घट्ट झाली, की मी साधं लाकूड असतो तर फुटलो असतो. देवकाबाई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या होत्या.

"नाही," अश्विन म्हणाला. "नाही आला."

शोभाताईंनी नजर हलवली नाही. "मंग?" त्या पुन्हा म्हणाल्या.

"मंग काय. गोमाजी घरी आला. रडला. दोन लोकाईले मारलं, एका ट्रकले लाथ मारली."

"चीनमंदी ट्रक?" रुचिका म्हणाली.

"हातगाडी. हातगाडीले मारली." त्याचा आवाज जरा मोकळा झाला. "तिकडं मिशीवाला खुश. म्हणते, मोठा गेला, आता राहिला कोण? हे मार खाणारं पोट्टं. याले तर फक्त पडता येते. चला, बदक घेऊन येऊ."

कोपऱ्यातून लक्ष्मणरावांनी नसलेल्या मिशीला पीळ दिला. "काढ बदक," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. रुचिका शोभाताईंच्या मागे लपली.

अश्विन थांबला. आपल्याला लढता येत नाही हे त्याला माहीत होतं, गोमाजीलाही माहीत होतं. मग एकदम त्याने मान वर केली.

"पण दादा वापस नाही आला, हे मिशीवाल्याले कुठं मालूम हाय?"

आणि तो मला घेऊन स्वयंपाकघरात पळाला, दाराच्या मागे. तिथे अंधार होता. त्याने मला ओठांना चिकटवलं. माझ्या पोकळ पोटात त्याचा श्वास भरला. आणि जो आवाज बाहेर पडला तो मी ओळखत होतो. मागावर एसटी चालवणारा, बैल चालवणारा आवाज.

"कोण हाय बे तिकडं? माझ्या बदकाले हात लावते? थांब, मी जेवून येतो, मंग मारतो."

बाहेर काहीतरी पडलं. दाराच्या फटीतून मला दिसलं, लक्ष्मणराव उठता उठता खरोखरच खाली बसले होते. "तू," ते म्हणाले. त्यांचा आवाज मिशीवाल्याचा होता की बापाचा, हे मला आजही सांगता येणार नाही. "तू तं नदीत गेलता."

"गेलतो. झिंग्याईनं लय आग्रह केला. म्हणे, राहा भाऊ. म्या म्हटलं, राहतो, पण घरी माझा लहाना भाऊ हाय, त्याले कोणी मारलं का मले तिथं पाण्यात ऐकू येते. ऐकू येते बे मिशीवाल्या. तुह्या पोटातला वडाही ऐकू येऊन राहिला. कितवा हाय?"

"पाचवा," लक्ष्मणराव घाबरून म्हणाले, आणि ते खरं होतं.

"बदका, धर त्याले."

रुचिका दोन्ही हात फडफडवत बापावर तुटून पडली. लक्ष्मणराव चटईवर आडवे झाले, गुडघ्यांवर रांगत दाराकडे निघाले. तेवढ्यात शोभाताई पुढे झाल्या. त्यांनी देवकाबाईंच्या हातातला झारा ओढून घेतला आणि नवऱ्याच्या पाठीवर फटकावला.

"माझ्या पोराईचं बदक नेतं? हे घे."

"अजून एक हाण, शोभा," देवकाबाई म्हणाल्या. "लहानपणी यानं माझी बाहुली विहिरीत टाकली होती."

शोभाताईंनी अजून एक हाणला. लक्ष्मणराव दादाच्या पाया पडू लागले, पण दादा दाराआड असल्यामुळे चुकून पिठाच्या डब्याच्या पाया पडले. आणि मग मी पाहिलं. पदर तोंडाला गेला. खांदे हलले. मग खोकला आला, इतका जोरात की रुचिका बदक असल्याचं विसरून पाणी आणायला धावली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या हसत होत्या. अश्विन दाराआडून बाहेर आला, काय झालं ते पाहायला. तसा शोभाताईंनी त्याला जवळ ओढला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. एक घातला, दुसरा घातला, आणि मग तो हात तिथेच राहिला.

त्याच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा अख्खा पंजा उमटला. देवकाबाई म्हणाल्या, "काढ, गरम पाण्यानं धुऊन देतो." अश्विनने सदरा दिला नाही. आजही दिलेला नाही.

"लहान्या," शोभाताई धाप लागलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुले बोलता येते, मंग इतके वर्स नुसता पडत काहून होता?"

"दादा बोलायचा ना," अश्विन म्हणाला.

मला करवती काठ आठवला. काठाचा धागा मधल्या धाग्यात अडकून माघारी फिरतो, तेव्हा दोघांचा पीळ एकच होतो. ओढून पाहा, सुटत नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. माझं एक नाक ढिलं झालंय. त्या दिवशीच्या तेलाचा डाग माझ्या पोटाशी आहे आणि लक्ष्मणराव मला पुसतात तेव्हा तेवढी जागा सोडून पुसतात. हिंदी सीड्यांचंही वाया गेलं नाही. रुचिकाने त्या दोरीला बांधून अंगणात वाळत घातलेल्या तांदळावर टांगल्या आहेत. वाऱ्याने फिरतात, उन्हात चमकतात आणि चिमण्या पळवतात. खरा सिनेमा तेवढंच काम करतो.

आमचा अर्धा सिनेमा मात्र दर तान्ह्या पोळ्याला पूर्ण होतो. मागच्या वर्षी शेजारचे आले, या वर्षी दाराबाहेर चपला मावत नाहीत. मोहाडीहून देवकाबाई स्वतःचा झारा घेऊन आल्या आहेत. पाण्यात गेलेला दादा वर येत नाही. पण मिशीवाल्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही सांगू नका. माझी तेवढीच विनंती.

अश्विनच्या तळव्याला घाम सुटला आहे. म्हणजे पूल आला. आता पडदा निळा होईल, रुचिका पंख सावरून बसेल, शोभाताई म्हणतील, "मंग?"

मला आता गप्प बसलं पाहिजे. पुढचं तो सांगेल.